पपांचे एकोणपन्नास दिवस

नोआ आणि योआव,

गेल्या पेसाहानंतर आपण व्हिडिओवर बोलत होतो, तेव्हा योआवच्या फोनने मधेच टुणकन आवाज केला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "आजी, ओमेर. आज कितवा दिवस ते फोन सांगतो." मग त्याने विचारलं की फोन नव्हता तेव्हा तुम्हाला कसं आठवायचं. मी सांगायला लागले, "एकदा माझ्या पपांना आठवलं नाही," आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. तेव्हापासून माझं वाक्य अर्धवट लटकलेलं आहे, आणि मला अर्धवट वाक्यं चालत नाहीत. तुमच्या आईला विचारा, तिच्या निबंधांवर मी किती लाल पेन चालवलं आहे ते. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण ही हकिगत मराठीत घडली म्हणून मराठीत लिहिते. तुम्हाला ती आईच वाचून दाखवील. तिला कंटाळा आला की ती मधली पानं गाळते. मी पानांवर आकडे घातले आहेत. लक्ष ठेवा.

ओमेर म्हणजे काय ते तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे, तरी मी पुन्हा सांगते, कारण तुमचे शिक्षक कंपाउंडर नव्हते आणि माझे पपा होते. आपले लोक मोशेच्या मागून मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटले ते पेसाहात, आणि सिनाय पर्वतावर देवाचं नियमशास्त्र, म्हणजे तोरा, मिळाली ती सात आठवड्यांनी, शाबुओथला. मधल्या एकोणपन्नास रात्री मोजायच्या. सूर्य मावळला की उभं राहून बराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीचं वाक्य, म्हणायची आणि आकडा मोठ्याने उच्चारायचा. पपा म्हणत, "चारशे वर्षांची गुलामी अंगात मुरलेली. देवाच्या मनात असतं तर दुसऱ्याच दिवशी तोरा हातात दिली असती. पण पोटात टिकली नसती, उलटून पडली असती. म्हणून सात आठवड्यांचा कोर्स. रोज एक डोस, संध्याकाळी, बाटली हलवून." मी विचारायची, बाटली कशी हलवायची? "आपणच हलायचं," असं म्हणून पपा प्रार्थनेतल्यासारखे पुढेमागे डोलून दाखवत.

आम्ही भुईगावात राहत होतो, फिलूमावशीच्या वाडीत, तिच्याच घराच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत. पपा वसईच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि रोज सायकलने जात. आजूबाजूला केळी, पानवेली, एक विहीर, तिच्यावर रहाट. रहाट सकाळी एका सुरात कुरकुरायचा आणि दुपारी बैल दमला की दुसऱ्या सुरात. संध्याकाळी चर्चची घंटा व्हायची, तिच्यामागे वारा असला तर समुद्र ऐकू यायचा. यहुदी असे आम्ही एकटेच. जवळची प्रार्थनेची जागा ठाण्याला. आत्या तिला मशीदच म्हणायची, कारण तिच्या लहानपणी सगळे तसंच म्हणत, आणि आत्याने लहानपणी शिकलेलं काहीही कधी बदललं नाही. आत्या म्हणजे पपांची मोठी बहीण, रिबका. नवरा गेल्यावर एक ट्रंक आणि एक पाटा घेऊन आमच्याकडे आली आणि पाट्याच्या जागेवरून माझ्या आईशी पहिल्याच दिवशी तिचं वाजलं. पाटा शेवटी दाराजवळ राहिला. आत्या त्याच्यासमोर बसून नारळ वाटायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्यावर मत द्यायची.

त्या वर्षी पेसाहाच्या आधी मला टायफॉइड झाला. मी अकरा वर्षांची होते. कितीतरी आठवडे ताप उतरेना. केस कापले, तरी उतरेना. पेज आणि बार्लीचं पाणी यांखेरीज माझ्या तोंडात काही जात नव्हतं. आमच्या घरात जवाची ओळख तीच, आजाऱ्याला द्यायची बार्ली. ओमेर म्हणजे मंदिरात आणायचं जवाचं माप, हे मला पपांनी सांगितलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. देवालासुद्धा हेच पाजतात का? तर एका संध्याकाळी माझं अंग इतकं तापलं की पपांनी भिंतीकडे तोंड करून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला नवस बोलला. पोरगी उठू दे, यंदा एकोणपन्नास रात्री एकही न चुकवता मोजायच्या, आणि मग मलिदा करायचा. मी उठले. नवसाची हकिगत मला नंतर आत्याकडून कळली, तिच्या टीकेसकट. "नवस बोलायचा तर सोपा बोलावा. बोकड बोलायचा. बोकड विसरता येत नाही, तो ओरडतो."

आत्याच्या बोलण्यात अर्थ होता. पपांनी तोवर कधीही पूर्ण एकोणपन्नास मोजलेले नव्हते. त्यांच्या वडिलांनी मागे ठेवलेली एक मराठी पुस्तिका होती, तिच्यात मोजणीचे सगळे नियम होते, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या नियमाने पपा बाद व्हायचे. एका वर्षी पटकीच्या टोचण्या निघाल्या आणि ते तीन रात्री घरीच आले नाहीत. एका वर्षी विसाव्या दिवशी बसल्या जागी डोळा लागला तो थेट दुसऱ्या दिवशी. नियम असा की एक अख्खा दिवस, म्हणजे रात्र आणि पुढचा दिवस मिळून, चुकला की पुढचे दिवस मोजता येतात, पण बराखा म्हणता येत नाही. बराखेशिवाय मोजणं म्हणजे पपांच्या भाषेत लेबलाशिवायचं मिक्श्चर. पोटात जातं, पण काय घेतलं ते कळत नाही.

म्हणून त्या वर्षी पपांनी तयारी केली. दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटलीवर डोस कळावेत म्हणून कागदाची पट्टी कातरून चिकटवायचे, दोन्ही बाजूंना खाचा असलेली. तुम्ही ती कधी पाहिली नसेल. आता औषध पाकिटातून येतं. पपांनी तशीच हातभर लांब पट्टी कापली, बरोबर एकोणपन्नास डोसांची, आणि फडताळाच्या दाराला खळीने चिकटवली. रोज मोजून झालं की एका डोसावर पेन्सिलीची रेघ. खाली वाटीत दवाखान्यातली मूठभर बार्ली. आणि घराला एक हुकूम. "मला कुणीही आठवण करायची नाही. मिसरमधून निघालेल्यांना कोण आठवण करत होतं? आठवण तुम्ही केलीत तर मोजणं तुमचं झालं, माझं नाही."

"मोशेला बहीण होती बरोबर," आत्या म्हणाली. "म्हणून तर पोचला."

आणखी एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सूर्य मावळल्यावर, मोजायच्या आधी, कुणी विचारलं "आज कितवा?" तर सरळ आकडा सांगायचा नाही. कारण आकडा तोंडातून गेला की मोजणं झालंच, आणि बराखा राहिली. तेव्हा "काल सोळा होता" असं सांगायचं. शेजारी लवकरच या खेळात सामील झाले. शेजारी म्हणजे आमची घरमालकीण फिलूमावशी, आणि कुंपणापलीकडच्या वाडीचे वामनकाका. दोघांच्या घरची बोली वेगवेगळी आणि दोन्ही मला लिहून दाखवता येणार नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं मी सरळ मराठीत देते. रंग तुम्ही भरा. वामनकाका रोज दिवेलागणीला कुंपणावर येऊन मुद्दाम विचारायचे, "कंपाउंडरसाहेब, आज कितवा?" आणि पपांनी "काल सोळा" म्हटलं की समाधानाने तंबाखू मळायचे. एकदा त्यांनी विचारलं, "म्हणजे आज सतरा ना?" तर पपा नुसतेच हसले. "हुशार माणूस," वामनकाका फिलूमावशीला म्हणाले, "कोर्टात असता तर नाव काढलं असतं." फिलूमावशीला यात नवल काहीच वाटत नव्हतं. "आमचाही पेंटेकॉस्ट पन्नासावाच की, डॉक्टर. फक्त आमचं मोजायचं काम फादर करतात." पपा डॉक्टर नव्हते, हे ते तिला दर आठवड्याला सांगत.

मीही मोजत होते, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. पपांनी मला ताप लिहायची वही करून दिली होती. बरी झाले तरी रोज संध्याकाळी थर्मामीटर लावून आकडा लिहायचा. मला समास आखायला आवडायचं, म्हणून मी समास आखला. समास रिकामा बरा दिसत नव्हता, म्हणून त्यात ओमेरचा आकडा घालू लागले. आणि लिहिताना मोठ्याने बोलायची सवय मला तेव्हापासून आहे. तुमच्या आजोबांना तिचा फार त्रास झाला.

मे महिन्यात फिलूमावशीच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. सकाळी चर्च, संध्याकाळी वाडीत मांडव. आजारानंतर पहिल्यांदाच मला घराबाहेर जेवायची परवानगी मिळाली, तीही नुसत्या केकची. आत्या कुरकुरली, "या दिवसांत बाजा ऐकू नये." पपा म्हणाले, "मी ऐकत नाही, कान ऐकतात." संध्याकाळी टोस्टची वेळ आली आणि फिलूमावशी धावत पपांकडे आली. पाहुणे चौसष्ट, घरच्या वाइनच्या बाटल्या मोजक्या, आणि ओतायला ठरवलेला तिचा भाऊ आधीच चाखून चाखून उदार व्हायला लागलेला. "डॉक्टर, तुमचा हात सरळ आहे. तुम्हीच ओता." पपांनी घरून औंस ग्लास मागवला. मला ट्रे धरून शेजारी उभं केलं. डोळ्यांसमोर ग्लास धरून, रेघेवर नजर ठेवून, पपा एकेक माप ओतू लागले. एक, दोन, तीन, चार, अगदी मोठ्याने, कारण कंपाउंडर मनात मोजत नाही. चर्चची घंटा होऊन गेली होती. अंधारू लागलं होतं, गॅसबत्ती पेटली होती. तेवढ्यात वामनकाका मागून आले आणि म्हणाले, "किती झाले?"

"सदतीस," पपा म्हणाले, आणि पुढचा ग्लास उचलला.

ग्लास चौसष्टला चौसष्ट पुरले. खाली जेमतेम एक चमचा उरला. मांडवभर लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिल्यांदा पपांसाठी आणि मग वधूवरांसाठी. मला आईने लवकर घरी नेऊन निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी पाहिली तर छत्तिसाव्या डोसावर रेघ होती, सदतिसाव्यावर नव्हती. पपा सायकलला हवा भरत होते. मी दारापर्यंत गेले. पण आठवण करायची नाही हा हुकूम होता, आणि मी हुकूम पाळणारी मुलगी होते. पपा घंटी वाजवत निघून गेले. रात्री विसरलं तर दुसऱ्या दिवशी उजेडी मोजून घ्यायची पुस्तिकेत सोय होती. ती मला माहीत असती तर मी सायकलच्या मागे धावले असते.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पपा आले, हातपाय धुतले, टोपी घातली, पट्टीसमोर उभे राहिले, आणि उभेच राहिले. मग टोपी काढली. मग पुन्हा घातली.

"काल मी मोजलं ना?"

आई चुलीशी होती. तिने चूल फुंकायला घेतली. आत्या म्हणाली, "मला काय विचारतोस? मी पुडिंग खात होते."

"मी सदतीस म्हटल्याचं मला नक्की आठवतंय. घंटा झाल्यावर. तोंडात शब्द आठवतो."

"मग झालं तर. रेघ मार आणि पुढचं म्हण."

"पण उभा कुठे होतो ते आठवत नाही. बराखा म्हटल्याचंही आठवत नाही." पपांनी पुस्तिका काढली आणि दिव्याशी नेली. बराच वेळ बोट फिरवून म्हणाले, "चुकलं असेल तर बराखा बंद. पण मोजलं की नाही याची शंका असेल, तर बराखेसकट पुढे मोजावं. असं दिलंय."

"मग शंका घे ना!" आत्या म्हणाली. "शंका बरी. घरात एवढी डाळतांदळासारखी पडली आहे."

"शंका घ्यायची नसते, अक्का. यावी लागते."

आणि पपा साक्षीपुरावे गोळा करायला लागले. स्वतःच्याच विरुद्ध इतक्या नेटाने तपास करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी कुंपणावरून वामनकाकांना बोलावलं. फिलूमावशी उरलेला केक घेऊन आलीच होती, ती पाट्याशेजारी बसली. पपांनी दोघांना प्रकरण समजावून सांगितलं. फिलूमावशीला ते लगेच कळलं. "डॉक्टर, मी स्वतः ऐकलं. सदतीस. अगदी स्पष्ट. माझ्या भावानेही ऐकलं, पण त्याची साक्ष काढू नका."

वामनकाका जरा विचारात पडले. प्रश्न त्यांनीच विचारला होता. "मी विचारलं किती, तुम्ही म्हणालात सदतीस," ते सावकाश म्हणाले. "आता मी कशाचं विचारलं, ते मला काय आठवतंय! रोज तर मी दिवसाचंच विचारतो."

"पण रोज तुम्ही 'कितवा' विचारता. काल 'किती' विचारलंत."

"मांडवात माणूस कसंही बोलतो हो."

"आमच्याकडे असं झालं तर फादरना सांगायचं," फिलूमावशी म्हणाली. "ते थोड्या प्रार्थना लावून देतात आणि विषय मिटतो."

"सोळा सोमवारांत एक तुटला तर आमची ही पुन्हा पहिल्यापासून धरते," वामनकाका म्हणाले. "तीन वर्षं चाललेत तिचे सोळा."

सगळे हसले. पपाही हसले, पण त्यांचा हात टोपीवरच होता. बाहेर अंधार पडला होता, त्यांना अडतिसावा म्हणायचा होता, आणि बराखेसकट की बराखेशिवाय, हे ठरत नव्हतं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"हन्ना, ट्रे तुझ्या हातात होता. मी काय मोजत होतो?"

मुलांनो, माझी स्थिती सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते, तिथे दर शुक्रवारी खोटं बोलण्याच्या परिणामांवर एक तास असे. घरी दहा आज्ञा होत्या, आणि त्यांत खोटी साक्ष देऊ नको ही नववी. दुसऱ्या बाजूला नवस होता, आणि नवस माझ्या जिवाचा होता. नवस मोडला की ताप परत येणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. खरं बोलले तर मरणार, खोटं बोलले तर नरकात जाणार, आणि नरकाचं वर्णन सिस्टरांनी फार तपशिलाने केलं होतं. समोर फिलूमावशी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. वामनकाकांनी तर मानच हलवून दाखवली, म्हण, म्हण.

मी म्हणाले, "पपा, तुम्ही ग्लास मोजत होतात. सदतिसावा ग्लास नवऱ्यामुलाच्या मामाचा."

मग आत्याने वरवंटा खाली ठेवला. "एवढी खरी पोरगी आपल्या घरात आली कुठून?"

"टायफॉइडने केस गेले," आई चुलीकडून म्हणाली, "जीभ तेवढी राहिली."

पपांनी पुस्तिका मिटली. पट्टीसमोर उभे राहून, बराखा न म्हणता, ते म्हणाले, "आज ओमेरचे अडतीस दिवस, म्हणजे पाच आठवडे आणि तीन दिवस." शेजारी उठून गेले. केक ताटलीत तसाच राहिला. मी जेवले नाही. पपा येऊन शेजारी बसले आणि विचारू लागले, तेव्हा मला इतकं रडू फुटलं की शब्दच निघेनात. शेवटी "ताप परत येणार का?" एवढं निघालं.

पपांनी वाद घातला नाही. त्यांनी थर्मामीटर झटकला आणि माझ्या तोंडात घातला, त्यामुळे रडणंही बंद झालं. दिव्याशी नेऊन वाचला. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. लिही." मी हुंदके देत वही उघडली, समासात ३८ घातले, ते तोंडाने म्हणाले, आणि पुढे ताप लिहिला. पपा माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"हा वरचा सदतीस कधी लिहिलास?"

"काल. मांडवातून आल्यावर."

"अंधार पडल्यावर?"

"हो."

"आणि तोंडाने म्हणालीस?"

"लिहिताना म्हणतेच मी."

"काय म्हणालीस? अगदी शब्द सांग."

"आज ओमेरचे सदतीस दिवस, म्हणजे पाच आठवडे आणि दोन दिवस."

पपांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मागे मागे पानं उलटत गेले. पहिल्या रात्रीपर्यंत गेले. समासात एकही आकडा गळला नव्हता. ज्या संध्याकाळी मला उठून बसवत नव्हतं त्या दिवसाचा आकडा तेवढा वाकडा होता. "अक्का," त्यांनी हाक मारली, "इकडे ये जरा." आत्याने वही पाहिली, पण तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "समास छान आखलाय."

दुसऱ्या दिवशी पपांनी रजा टाकली. त्यांना रजा टाकताना मी पहिल्यांदा पाहिलं. अर्ज लिहिताना त्यांनी 'कारण' या शब्दापुढे बराच वेळ जागा मोकळी ठेवली होती. आम्ही ठाण्याला हाजानांकडे गेलो. हाजान म्हणजे प्रार्थना चालवणारे. अंगाने काटकुळे, नाकाला तपकीर, आणि कानांनी थोडे कमी. पपांनी सगळं सांगितलं, ग्लासांसकट. हाजानांनी वही हातात घेतली आणि चष्म्यातून बराच वेळ पाहिली.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार? हे कुठले दिवस?"

"तो ताप आहे," मी म्हणाले.

"बरं झालं. मला वाटलं तुमच्या वसईत वेगळा हिशेब चालतो." मग ते पपांकडे वळले. "दानियल, मोशे रब्बेनू पर्वतावर चाळीस दिवस होते. काय करत होते?"

"शिकत होते."

"रोज शिकत होते आणि रोज विसरत होते. असं आपल्या जुन्या शहाण्यांनी सांगितलंय. प्रत्यक्ष देव शिकवतोय आणि यांच्या डोक्यात राहत नाही. चाळीस दिवस! शेवटी देवाने तोरा भेट म्हणून देऊन टाकली. तू मोशे रब्बेनूंपेक्षा मोठा की काय?"

"पण हाजान, ते रोज शिकायला तर बसले."

"मग तूही बस. अकरा रात्री आहेत. बराखा नाही, तर नाही." त्यांनी तपकीर ओढली. "बाकी पर्वताखाली जे होते त्यांनीही दिवस मोजलेच होते. थोडक्यात चुकले, मोशे आला नाही म्हणून घाबरले, आणि देव म्हणून सोन्याचं वासरू करून बसले. मोजण्यात चूक होते. घाबरून वासरू करू नये, एवढंच."

"आणि नवस?"

"काय बोललास नवसात? 'मी मोजीन' की 'या घरात मोजू'?"

पपांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. भिंत, ताप, संध्याकाळ. डोळे उघडून ते म्हणाले, "आठवत नाही. खरंच आठवत नाही."

"छान," हाजान म्हणाले. "ही शंका खरी आहे. ती ठेव. घरात एकाने सगळ्या रात्री मोजल्यात, पोरीने. आजपासून तिने बराखा म्हणून मोजावं, तू आमेन म्हण, आणि मग तुझा आकडा तू बराखेशिवाय म्हण."

"मुलीने बराखा म्हणायची?"

"तिला मोजायचं बंधन नाही. बंधन नाही म्हणजे बंदी आहे, असं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही." मग मला म्हणाले, "चुकशील?"

"नाही," मी म्हणाले.

"चुकशील. त्या दिवशी वडिलांना सांग, लपवू नको. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज."

मला त्यांचा राग आला. अडतीस रात्री ज्या मुलीने समास चुकवला नाही तिला हे ऐकायची गरज नव्हती, असं माझं मत होतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पट्टीसमोर उभी राहिले. पपांनी मला बराखा शब्दशः शिकवली होती, परतीच्या वाटेवर, पुन्हा पुन्हा. आत्या पदर डोक्यावर घेऊन दारात बसली आणि आधीच जाहीर केलं की तिच्या लहानपणी असलं काही नव्हतं. मी म्हणाले. पपा आमेन म्हणाले, आई आमेन म्हणाली, आणि एक आमेन दारातून जरा उशिरा आला. आत्या म्हणाली की तिला खोकला आला होता. पुढच्या दहाही रात्री तिला त्याच वेळी खोकला आला. वामनकाका आता कुंपणावरून मला विचारायचे, "मास्तरीणबाई, आज कितवा?" आणि मी अतिशय गंभीरपणे कालचा आकडा सांगायची. पपा माझ्यानंतर त्यांचा आकडा हळू आवाजात म्हणत. एकोणपन्नासाव्या रात्री ते माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणाले. त्यांना बराखा नव्हती, पण पट्टीच्या शेवटापर्यंत ते आयुष्यात पहिल्यांदाच पोचले होते.

शाबुओथला आम्ही दुधाचे पदार्थ खातो, हे तुम्हाला माहीत आहे. तोरा मिळाली त्या दिवशी भांडी अजून नियमांप्रमाणे केलेली नव्हती, म्हणून लोकांनी दुधावर भागवलं, असं पपा सांगत. आत्याचं म्हणणं, बायका एवढे दिवस चालून दमल्या होत्या, स्वयंपाक कोण करणार? फिलूमावशीच्या म्हशीचं दूध आलं आणि आईने खीर केली. सण उलटल्यावर पुढच्या रविवारी मलिदा झाला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, खजूर, वर फळं. वामनकाकांच्या वाडीची केळी होती, आणि अख्खी आळी जेवली. फिलूमावशीने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की पोरीच्या साक्षीने हे सगळं झालं, आणि आपण त्या दिवशी खोटं बोललो होतो हेही तितक्याच कौतुकाने सांगितलं.

पुढच्या वर्षी मी बाविसाव्या रात्री चुकले. शाळेत स्नेहसंमेलन होतं, मी परीची भूमिका करत होते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर पपांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता तेविसावा मोज."

आत्या पुढे तुमच्याच देशात गेली आणि तिथे कुणालाही न जुमानता जगली. आई आणि पपा इथेच आहेत, ठाण्याच्या कबरस्तानात. वाडी विकली गेली, विहीर बुजवली, तिथे आता चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान. फिलूमावशीची नात त्या इमारतीत राहते. भेटली की बोलतो. फडताळ, पट्टी, वही, पुस्तिका, यांतलं काहीही माझ्याकडे नाही. मी नीटनेटकी म्हणून प्रसिद्ध आहे, तरी नाही. मी वसईत तिसऱ्या मजल्यावर एकटी असते आणि पेसाहाच्या दुसऱ्या रात्रीपासून मोजते. इतक्या वर्षांत एकोणपन्नासच्या एकोणपन्नास बराखेसकट फक्त नऊ वेळा जमले. तुमची आई जन्मली त्या वर्षी सहाव्याच रात्री चुकले, तुमचे आजोबा गेले त्या वर्षी तिसाव्या. चुकले त्या प्रत्येक वर्षी उरलेले दिवस बराखेशिवाय मोजले, शेवटच्या रात्रीपर्यंत. तेवढं अजून चालू आहे.